जुन्या इमारतीतला मुक्काम: खोली ठरवण्यापासून खोली सोडेपर्यंत

नव्या हॉटेलात २०४ आणि ३०४ या खोल्यांत फरक असतो तो फक्त एका मजल्याचा. पलंग तोच, खिडकी तीच, नळाची तोटीसुद्धा तीच. शे-दोनशे वर्षं जुन्या इमारतीत थाटलेल्या सात-आठ खोल्यांच्या गेस्टहाउसात असं नसतं. तिथली एक खोली कधीकाळी दिवाणखाना होती, दुसरी कोठार, तिसरी माळ्यावरची नोकरांची जागा. चौथी तर चक्क दोन खोल्यांमधला बोळ असतो, त्याला दार बसवून आत पलंग टाकलेला. भाड्यात मात्र फारसा फरक नसतो. त्यामुळे एकाच ठिकाणी राहून आलेल्या दोघांना विचारलंत तर एक हरखून सांगतो आणि दुसरा कपाळाला हात लावतो. दोघंही खरंच बोलत असतात.

म्हणून अशा ठिकाणी हॉटेल ठरवून भागत नाही, खोली ठरवावी लागते. आणि त्यासाठी मालकाला एक प्रश्न जरूर विचारावा: ही खोली पूर्वी काय होती? जिना, ओल, आवाज, उकाडा, उजेड अशा पुढच्या जवळजवळ सगळ्या गोष्टींची उत्तरं या प्रश्नाच्या पोटात असतात.

तुम्हाला झेपणार आहे का?

हे आधी प्रामाणिकपणे ठरवा. गुडघे कुरकुरत असतील, सोबत चालायला लागलेलं मूल असेल, किंवा शेजारच्या खोलीतल्या खोकल्यानेही झोप मोडत असेल, तर एक-दोन रात्रींचाच मुक्काम ठेवा. सात दिवसांचं आरक्षण करून तिसऱ्या दिवशी पस्तावणारे पुष्कळ पाहिलेत, त्यात एकदा मीही होतो. लिफ्ट नाही म्हणून मालकावर चिडण्यात अर्थ नसतो. बऱ्याच देशांत वारसा म्हणून नोंदलेल्या इमारतीत लिफ्टसाठी खड्डा खणायला, खिडकी बदलायला, कधी कधी आतली भिंत पाडायलाही परवानगी लागते, आणि ती मिळतेच असं नाही.

मजला: आकड्यावर जाऊ नका, पायऱ्या विचारा

ब्रिटन आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत 'पहिला मजला' म्हणजे एक जिना चढून, आपल्याकडेही तसंच. अमेरिकेत आणि जपानमध्ये मात्र जमिनीलगतचा मजलाच पहिला. म्हणजे 'तिसरा मजला' या शब्दांचा अर्थ दोन जिने की तीन, हे देशावर ठरतं. त्यातून जुन्या इमारतींचे मजले उंच असतात. छत चार मीटरवर असेल आणि एक पायरी अठरा सेंटिमीटरची असेल, तर एका मजल्याला बावीस पायऱ्या झाल्या. तीन मजले म्हणजे सहासष्ट, त्याही बॅग घेऊन. शिवाय जिना कसा आहे तेही विचारा. ॲम्स्टरडॅममधली कालव्याकाठची जुनी घरं इतकी अरुंद आणि त्यांचे जिने इतके उभे असतात, की सामान चढवायला छताच्या टोकाशी तुळई काढून तिला आकडाच लावलेला असतो. दोराने उचलायचं आणि खिडकीतून आत घ्यायचं. ते आकडे आजही दिसतात. तुमची बॅग मात्र तुम्हालाच न्यायची आहे.

मजल्यांचा आणखी एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. प्रवाशांसाठीची पहिली लिफ्ट १८५७ साली न्यूयॉर्कमधल्या एका दुकानाच्या इमारतीत बसली. त्याआधी बांधलेल्या बहुमजली इमारतींत मानाचा मजला म्हणजे एक जिना वरचा. रस्त्याची धूळ आणि ओल खाली राहायची, आणि पायही दमायचे नाहीत. व्हेनिसमधल्या जुन्या वाड्यांत हे स्पष्ट दिसतं: खाली पाण्यालगत गोदामं, वर मोठ्या खिडक्यांचे दिवाणखाने. जितकं वर जाल तितकी छतं खाली येतात आणि खिडक्या लहान होतात, कारण तिथे नोकर राहायचे. लिफ्टच्या जमान्यात वरची खोली महाग झाली, पण जुन्या इमारतीची रचना अजून जुनाच हिशेब पाळते. मला विचाराल तर एक जिना वरची, मागच्या बाजूची खोली डोळे मिटून घ्यावी.

फोटो कसे वाचायचे

फोटोत पलंग सगळेच दाखवतात, तुम्ही खिडकी शोधा. पाच फोटोंपैकी एकातही खिडकी नसेल तर ती नाही, किंवा आहे ती बोळात उघडते. खिडकीला कापडी पडदा पूर्ण ओढलेला असेल तरी तेच समजा. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता, फ्रान्समध्ये दारं-खिडक्यांवरचा कर १७९८ ला सुरू झाला तो १९२६ पर्यंत चालला. कर चुकवायला लोकांनी कमी खिडक्या ठेवल्या, काहींनी असलेल्या बुजवल्या. त्यातल्या काही अजून बुजलेल्याच आहेत. क्योटोतली जुनी लाकडी घरं रस्त्याला अगदी अरुंद आणि आत लांबच लांब असतात, मधल्या खोल्यांना उजेड येतो तो आतल्या छोट्याशा बागेतून. मोरोक्कोतल्या रियादमध्ये, म्हणजे चौकाच्या जुन्या घरांत, सगळ्या खोल्या मधल्या चौकाकडे तोंड करून असतात. खिडकी उघडली की चौकातला माणूस तुम्हाला पाहतो आणि चौकातलं बोलणं तुमच्या उशाशी येतं. यातलं काहीच वाईट नाही, फक्त आधी ठाऊक हवं.

मग छताकडे बघा. नक्षीदार तक्तपोशी किंवा गिलाव्यातली वेलबुट्टी एका बाजूला गोल वळून पूर्ण होते आणि दुसऱ्या बाजूला भिंतीत मध्येच घुसते, असं दिसलं तर ती भिंत नंतरची आहे. मोठ्या दालनाचे दोन तुकडे केलेत. अर्धी खिडकी तुमच्या खोलीत आणि अर्धी शेजारच्याच्या, हाही त्याचाच पुरावा. अशी मधली भिंत बहुधा पातळ पत्र्याची किंवा प्लायची असते आणि शेजाऱ्याचं घोरणं तिच्यातून विनाअडथळा येतं. बाहेरच्या भिंती दीड हात जाडीच्या आहेत म्हणून खोली शांत असेल, या समजुतीत बरेच फसतात.

लोकांचे अभिप्राय वाचताना ताऱ्यांकडे दुर्लक्ष करा. तुम्ही ज्या महिन्यात जाणार आहात त्याच महिन्यातले अभिप्राय शोधा. उन्हाळ्यात गेलेल्याला ओल दिसत नाही, थंडीत गेलेल्याला उकाडा कळत नाही.

ओल, उकाडा आणि आवाज

तळमजल्याचा सगळ्यात मोठा प्रश्न ओल. जुन्या बांधकामात पायाशी ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी वातीतून तेल चढावं तसं भिंतीत चढतं. सहसा साधारण मीटरभर उंचीपर्यंत. पाणी वाळतं, मीठ मागे राहतं, आणि भिंतीवर लोणा दिसायला लागतो: पांढरी भुकटी, सुटलेले पोपडे. चुन्याचा गिलावा असेल तर भिंत निदान श्वास घेते आणि ओल बाहेर पडते. 'नूतनीकरण' म्हणून वरून सिमेंट आणि चकचकीत रंग चढवलेला असेल तर ओल आत अडकते आणि खोलीला कुबट वास राहतो. फोटोत भिंतीच्या खालच्या तीन फुटांना लाकडी फळ्या किंवा नवी फरशी लावलेली दिसली, तर ती शोभेसाठी आहे की झाकण्यासाठी, हे विचारायला हरकत नाही. दमा असलेल्याने तळमजला टाळावा.

उकाड्याचं गणित उलटं असतं. जाड दगडी किंवा विटांची भिंत ऊन सावकाश पिते. बाहेरच्या दुपारचा ताप आतल्या बाजूला पोचायला आठ-दहा तास सहज लागतात. म्हणून दुपारी खोलीत शिरताच गार वाटतं, 'एसीची गरजच काय' असं वाटतं, आणि रात्री अकराला पश्चिमेची भिंत ऊब सोडायला लागते. उन्हाळ्यात पश्चिमेची खोली नको. यावर इमारतीनेच उपाय करून ठेवलेला असतो: उंच छत, समोरासमोर खिडक्या, लाकडी झडपा. पण तो वापरावा लागतो. सकाळी ऊन चढायच्या आत झडपा बंद करा, अंधार पडल्यावर सगळं उघडा. बहुतेक पाहुणे नेमकं उलटं करतात आणि मग तक्रार करतात. छपराखालची माळ्याची खोली मात्र कशानेही गार होत नाही. जाड भिंतीचा फायदा तिला नाही, छपराचा तोटा तेवढा आहे.

आवाज दोन वाटांनी येतो, रस्त्यावरून आणि वरून. रस्त्याच्या आवाजावर मागची खोली हा उपाय. वरचा आवाज जास्त छळतो. लाकडी तुळयांवर फळ्या टाकलेली जमीन ढोलासारखी वाजते. वरचा पाहुणा रात्री दोनदा उठला तर ते तुम्हालाही कळतं. झोप नाजूक असेल तर 'वर कुणी राहत नाही अशी खोली' मागा, आणि कानात घालायचे बोळे जवळ ठेवा. जुनी दारं चौकटीत नीट बसत नाहीत, म्हणून जिन्यालगतची खोलीही नको.

आरक्षणाआधी पाठवायचा निरोप

फोनवर विचारलेलं विसरलं जातं. लिहून पाठवा, म्हणजे उत्तरही लेखी राहतं. साधारण असा:

'नमस्कार. अमुक तारखेला दोन रात्रींसाठी आम्हाला खोली हवी आहे. नक्की कोणती खोली मिळेल आणि ती पूर्वी कशासाठी वापरत होते? खोलीपर्यंत एकूण किती पायऱ्या आहेत? खिडकी कुठे उघडते? वर कुणी राहतं का? न्हाणीघर खोलीतच आहे की बाहेर? गरम पाणी गॅसवर की विजेवर? गाडी कुठपर्यंत येते आणि तिथून किती चालावं लागतं? रात्री मुख्य दार किती वाजता लागतं आणि रात्री इमारतीत कोण असतं?'

लांबलचक वाटेल, पण चांगला मालक अशा निरोपाने खूश होतो, कारण नंतरचे वाद टळतात. आणि उत्तर कसं येतं त्यावरूनही पुष्कळ कळतं. 'सगळ्या खोल्या सुंदर आहेत' एवढंच आलं, की मी दुसरीकडे बघतो. 'तुमच्यासाठी मागची बरी, पण दरवाजा ठेंगणा आहे, डोकं सांभाळा' असं आलं, की लगेच पैसे भरतो.

पोचण्याचा दिवस

जुन्या शहरात शेवटची तीन-चारशे पावलं सगळ्यात अवघड. मोरोक्कोतल्या फेज शहराच्या जुन्या भागात गाड्या जातच नाहीत, व्हेनिसमध्ये वाटेत पुलांच्या पायऱ्या. अरुंद गल्ल्यांत उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात, त्यामुळे फोनवरचा नकाशा तुम्हाला शेजारच्या गल्लीत उभं करतो. मालकाकडून दाराचा आणि आधीच्या दोन वळणांचा फोटो मागवून ठेवा, आणि उजेडी पोचा. एका मोठ्या बॅगेऐवजी दोन लहान घ्या. दगडी फरसबंदीवर चाकं काही कामाची नाहीत, आणि वळणाच्या जिन्यात मोठी बॅग अडकते. चाकं रेटत नेलीच तर सगळी गल्ली जागी होते ते वेगळंच.

खोलीतली पहिली पंधरा मिनिटं

बॅग उघडू नका. आधी बाहेर पडण्याची वाट बघा. अटलांटातल्या वाइनकॉफ हॉटेलला ७ डिसेंबर १९४६ रोजी आग लागली तेव्हा ११९ माणसं गेली. ते हॉटेल 'अग्निरोधक' म्हणून मिरवत होतं आणि पंधरा मजल्यांना जिना एकच होता. छोट्या जुन्या इमारतीतही बहुधा एकच जिना असतो, तोही लाकडी. म्हणून तुमच्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारं लागतात ती मोजा, धुरात डोळ्यांना काही दिसत नाही. रात्री मुख्य दार आतून कसं उघडतं ते स्वतः उघडून बघा. कडी, अडसर, जुनं कुलूप, जे असेल ते. किल्लीशिवाय आतून उघडत नसेल तर किल्ली कुठे असते ते विचारा. खिडकीला गज आहेत का, छताला धुराची सूचना देणारा गजर आहे का, तेही पाहा. जिना धुराने भरलाच तर खोलीत राहा, दार लावा, फटीला ओला टॉवेल लावा आणि खिडकीतून हाक मारा.

न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर थांबा. ज्वलन अपुरं झालं की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरात तो जीव घेतो. गीझर बाहेर असावा, निदान धूर बाहेर नेणारी नळी आणि उघडा झरोका तरी हवा. आंघोळ करताना डोकं जड झालं, गरगरलं, मळमळलं, तर पाणी चालू असेल तसं सोडून बाहेर या. झरोकाच नसेल तर खोली बदला, या बाबतीत भीड धरू नका.

मग गादी. ढेकणांना जुनं लाकूड आवडतं, फटी भरपूर. चादर उचलून गादीच्या शिवणी आणि पलंगाच्या डोक्याकडची फळी फोनच्या उजेडात बघा. शाईचे बारीक ठिपके असावेत तसे काळे डाग दिसले की समजावं. तोवर बॅगा न्हाणीघरातल्या फरशीवर किंवा स्टँडवर ठेवा. घरी आल्यावर शंका असेल तर कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुवा.

विजेचं बटण दाबण्याआधी साधा हिशेब: २३० व्होल्टवर १० अँपिअरची वायर २,३०० वॉट पेलते. पाण्याची किटली पंधराशे ते दोन हजार खाते, केस वाळवायचं यंत्र साधारण तितकंच. दोन्ही एकदम लावलीत तर फ्यूज उडतो, आणि तो इमारतीत कुठे आहे हे फक्त मालकाला माहीत असतं. एका वेळी एकच लावा. प्लग गरम लागला तर काढून ठेवा.

लहान मूल असेल तर दोन गोष्टी. गच्चीचे आणि सज्ज्याचे जुने कठडे आजच्या मानाने बुटके असतात, गजांमधलं अंतरही जास्त. आणि जुन्या खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरांसाठी असा रंग १९७८ मध्ये बंद झाला, त्याआधीच्या थरांचं काय ते कुणी खरवडून पाहिलेलं नसतं. रंगाचे पापुद्रे निघत असलेल्या खिडकीखाली मुलाचं अंथरूण नको, आणि हात वरचेवर धुवा.

राहताना

गरम पाण्याची टाकी एक आणि पाहुणे आठ, तर आंघोळ सगळ्यांच्या आधी तरी करा किंवा सगळ्यांच्या नंतर. जुने नळ अरुंद असतात, संडासात काय टाकायचं नाही याची पाटी शब्दशः घ्या. दार अडकलं तर खांदा लावू नका. दमट हवेत लाकूड फुगतं, मूठ धरून किंचित वर उचललं की बहुतेक दारं सुटतात. चुन्याच्या भिंतीला चिकटपट्टी लावू नका, काढताना गिलाव्याचा खपला हातात येतो. ओला टॉवेल जुन्या लाकडी खुर्चीवर टाकू नका, पांढरा डाग पडतो. रात्री चौकात हळू बोला. चारी भिंतींवरून आवाज फिरून येतो आणि तिसऱ्या मजल्यावर शब्द न् शब्द कळतो.

मालक तिथेच राहत असेल तर त्याची वेळ बघून गप्पा मारा. पाहुणे येण्या-जाण्याची घाई संपली की तो मोकळा असतो. इमारत कुणी बांधली, तुळया कधी बदलल्या, कुठली भिंत नंतरची, हे त्याच्याकडून ऐकण्यासारखं दुसरं काही नाही. लिस्बन १७५५ च्या भूकंपात कोसळल्यावर नव्या घरांच्या भिंतींत लाकडाचा पिंजरा उभा करायला लागले, हादरा बसला तर गिलावा झडावा पण घर उभं राहावं म्हणून. वरून गिलावा असल्याने तो पिंजरा दिसत नाही, कुणी दाखवला तरच कळतो. पण 'खाजगी' लिहिलेल्या दाराशी थांबा. त्यामागे त्याचं घर आहे.

काही बिघडलं तर

पहिल्याच संध्याकाळी सांगा. सकाळी निघताना सांगितलेल्या ओलीला कुणी खोली बदलून देत नाही. ओल, ढेकूण, सांगितलेली खोली न मिळणं, यांचा फोटो काढा, आधीचं लेखी उत्तर दाखवा आणि शांतपणे नेमकं मागा: दुसरी खोली, किंवा एका रात्रीचे पैसे परत. करकरणारी जमीन, वाकडी चौकट, ठेंगणं दार या तक्रारी मात्र करू नका, त्यासाठीच आला होतात.

पहाटेची गाडी असेल तर आदल्या रात्रीच दोन गोष्टी ठरवा: पैसे तेव्हाच चुकते करा आणि मुख्य दार पहाटे कोण उघडणार ते विचारून घ्या. बॅगा रात्रीच बांधा, पहाटे चार वाजता चेन ओढण्याचा आवाज त्या पातळ भिंतीतून कसा जातो ते एव्हाना कळलेलं असतं. आणि मागाहून अभिप्राय लिहाल तेव्हा 'छान आहे' लिहून थांबू नका. खोलीचं नाव, महिना, पायऱ्यांचा आकडा आणि खिडकी कुठे उघडते, एवढं लिहा.